न उकळायचा चहा

प्रश्न : मुलगी कामानिमित्त जपानला गेली होती. येताना तिने माचाची ३० ग्रॅमची डबी आणली. किंमत ऐकून मी ती आठ दिवस उघडलीच नाही. मग एका रविवारी नेहमीप्रमाणे दूध-पाण्याचं आधण ठेवलं, दोन चमचे पूड टाकली, साखर घातली, चांगली उकळी आणली आणि गाळलं. गाळणीत शेवाळासारखा लगदा राहिला आणि कपात आलं ते कारल्याचं पाणी. कॅफेत मुलीने पाजला होता तो माचा लाटे तर गोडसर, मऊ लागला होता. माझं काय चुकलं? (डोंबिवली)

उत्तर : चुकलं ते इतकंच, की तुम्ही त्याचा चहा केलात.

नाव चहाचं, झुडूपही चहाचंच. पण ओट्यापाशी माचाशी वागायचं ते चहापत्तीसारखं नाही, नाचणीच्या पिठासारखं. आंबील करताना आपण पीठ उकळत्या पाण्यात भसकन ओतत नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून घेतो, गुठळ्या बोटांनी मोडतो आणि मग पातळ करत नेतो. ज्या घरात आंबील बिनगुठळीची होते त्या घरात माचा लाटे न जमण्याचं कारण नाही. आपण मात्र 'चहा' हा शब्द ऐकला की हाताला सवयीने गॅस पेटवायला लावतो.

चहापत्तीचा अर्क पाण्यात उतरतो आणि चोथा आपण फेकून देतो. माचात चोथा नसतोच. ते अख्खं पान आहे, दळून वस्त्रगाळ केलेलं. पाण्यात ते विरघळत नाही, नुसतं तरंगतं, आणि कप बाजूला ठेवला की हळूहळू तळाशी बसतं. तेव्हा तुमच्या गाळणीत राहिलेलं शेवाळ म्हणजे मुलीने मोजलेले पैसे होते.

दुसरा घोटाळा उकळीने केला. कडक पाण्यात पानातली तुरट कॅटेचिनं आणि कडवट कॅफिन भराभर उतरतात. रंगही जातो. पालक जास्त शिजला की तो हिरवागार राहत नाही, मातकट होतो. इथेही तेच हरितद्रव्य आहे आणि तीच गत होते. तिसरी चूक दोन चमच्यांची. एका कपाला सपाट एक चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम, पुष्कळ झाला.

ही पूड एवढी महाग का, हे तिच्या शेतापासून पाहिलं तर समजतं. क्योटोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, दक्षिणेकडचे यामे आणि कागोशिमा ही माचाची नावाजलेली ठिकाणं. मे महिन्याच्या सुमारास पहिली खुडणी होते. तिच्या तीन-चार आठवडे आधी झुडपांवर आच्छादन घालतात. पूर्वी मांडव घालून त्यावर लव्हाळ्याच्या चटया आणि भाताचा पेंढा पसरत, आता बहुतेक ठिकाणी काळ्या जाळ्या असतात. ऊन कमी झालं की झुडूप मिळेल तेवढा प्रकाश पकडायला धडपडतं आणि पानात हरितद्रव्य वाढवतं. म्हणून तो डोळ्यांत भरणारा हिरवा रंग. शिवाय पानात थिआनिन नावाचं एक द्रव्य असतं. उन्हात त्याचं तुरट कॅटेचिनांत रूपांतर होत जातं, सावलीत ते बरंचसं तसंच राहतं. चांगल्या माचाची जी भरीव, थोडी गोडसर, एखाद्या निवळ कढणासारखी चव असते ती याची. हे द्रव्य चहाच्या पानात आहे हे १९४९ मध्ये क्योटोतच शोधून काढलं गेलं.

खुडलेली पानं लगेच वाफवतात, म्हणजे ती काळी पडत नाहीत. मग न वळता, सपाटच वाळवतात. देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेल्या पापुद्र्यांना 'तेंचा' म्हणतात, आणि ती तेंचा ग्रॅनाइटच्या जात्यावर दळली की माचा. हे जातं सावकाश फिरवावं लागतं, कारण वेग वाढला की दगड तापतो आणि पुडीचा वास उडतो. आजीने दळताना घाई करणाऱ्या नातीला हेच सांगितलं असेल. एका जात्यावर तासाला ३० ते ४० ग्रॅम पूड निघते. तुमच्या मुलीने आणलेली डबी म्हणजे एका जात्याचं जवळपास तासाभराचं दळण. (स्वस्तातला माल यंत्रावर दळलेला असतो, त्याला हा हिशेब लागू नाही.)

आता कृती, एका जणासाठी. चहाची बारीक गाळणी घ्या, मात्र ठणठणीत कोरडी. तिच्यातून चमचाभर पूड एका रुंद वाडग्यात चाळा. पूड इतकी बारीक असते की डबीतच तिचे गोळे होतात, आणि पाणी पडल्यावर ते मोडत नाहीत. पाणी उकळून गॅस बंद करा. थर्मामीटरची गरज नाही. जपानी घरांत पाणी निववायची सोपी रीत आहे: एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की साधारण १० अंश उतरतं. उकळलेलं पाणी आधी एका पेल्यात, मग दुसऱ्या पेल्यात ओतलं की ते ८० अंशांच्या आसपास येतं. हवं तेच. त्यातलं आधी दोन चमचे पाणी पुडीवर घालून चटणीसारखं कालवा. साखर घालायची तर आत्ताच घाला. मग आणखी घालत एकूण तीन-चार मोठे चमचे पाणी होऊ द्या आणि घुसळा. गोल गोल ढवळू नका, त्याने फेस येत नाही. मनगट सैल ठेवून पुढे-मागे, जणू इंग्रजी 'एम' पुन्हा पुन्हा गिरवताय असं, १५-२० सेकंद.

दूध दीडशे मिलिलिटर. आपल्याकडचं दूध एकदा उकळलेलंच असतं, त्यामुळे साय काढून ते फक्त गरम करायचं आहे. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा. ६० अंशांच्या आसपास दूध सर्वांत गोड लागतं. त्यापुढे तापवत नेलं की आटवलेल्या दुधाचा वास यायला लागतो आणि माचाचा वास त्याखाली दबतो. सायीचा एक धागा जरी कपात आला तरी सगळी मजा जाते, म्हणून दूध गाळून घ्या. गाळायचं ते दूध, माचा नाही. थोडं रवीने घुसळून फेसाळ केलंत तर उत्तम. मग हिरव्या पाण्यावर दूध ओता.

कॅफेतला मऊपणा कुठून आला, तेही सांगतो. दुधातली प्रथिनं तुरट कॅटेचिनांना धरून ठेवतात, त्यामुळे जिभेला तुरटपणा कमी जाणवतो. हे खरं कारण. आणखी एक कारण कॅफेवाले फळ्यावर लिहीत नाहीत: बऱ्याच ठिकाणी वापरतात ती पूड आधीच साखर मिसळलेली असते.

प्रश्न : व्हिडिओत सगळे बांबूचा कुंचा वापरताना दिसतात. तो नसला तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : चालेल. त्या कुंच्याला 'चासेन' म्हणतात. नारा प्रांतातल्या इकोमा गावाचा ताकायामा हा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. बांबूचा एकच तुकडा घेऊन, त्याचं एक टोक चिरून चिरून ऐंशी, शंभर, कधी एकशेवीस काड्या काढतात. जोड कुठेच नाही. हाताने केलेला चासेन पाहिला की तो वापरण्याऐवजी काचेच्या कपाटात ठेवावासा वाटतो.

लाटेसाठी मात्र त्याची सक्ती नाही. निव्वळ माचा, म्हणजे दूध न घालता पाण्यातला, प्यायचा तर चासेनने येणारा मऊ, दाट फेस दुसऱ्या कशानेही येत नाही. दूध घालणार असाल तर फरक जवळजवळ बुडून जातो. मी घरी ताकाची लहान लाकडी रवी वापरतो. दोन तळहातांत धरून ती आळीपाळीने दोन्हीकडे फिरते, आणि गुठळ्या मोडायला नेमकी तीच उलटसुलट गती हवी असते. फक्त ती रवी ताकासाठी वेगळी आणि माचासाठी वेगळी ठेवा. पहिल्या वेळी मी ठेवली नव्हती. आंबट ताकाचा पुसटसा वास असलेला माचा मी एकट्याने, कुणाला न सांगता संपवला.

बॅटरीवर चालणारा छोटा फेसक मिळतो, तोही छान. थंड लाटे करायचा तर सगळ्यात सोपं म्हणजे झाकणाची बाटली: चाळलेली पूड, थोडं गार पाणी, झाकण, आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. गरम पाणी बाटलीत घालून हा उद्योग करू नका, झाकण उडतं.

चासेन घेतलाच तर वापरण्याआधी दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, म्हणजे काड्या मोडत नाहीत. साबण लावू नका. आणि पावसाळ्यात ओला कपाटात कोंबू नका, आठवड्यात बुरशी येते.

प्रश्न : ऑनलाइन 'सेरेमोनियल ग्रेड' लिहिलेली पूड चौपट महाग आहे. तीच घ्यावी का? (पुणे)

उत्तर : लाटेसाठी नको. जपानमध्ये 'सेरेमोनियल ग्रेड' अशी कुठलीही सरकारी प्रत नाही. हा शब्द परदेशी बाजारासाठी रूढ झाला आणि तो कुणीही, कशावरही छापू शकतो. उजीच्या जुन्या पेढ्या आपल्या मालाला नावं देतात आणि तो 'कोइचा'साठी योग्य की 'उसुचा'साठी एवढं सांगतात. उसुचा म्हणजे पातळ: २ ग्रॅम पूड, साठ-सत्तर मिलिलिटर पाणी. कोइचा म्हणजे दाट: पूड दुप्पट, पाणी निम्मं, मधासारखा ओघळणारा. कोइचासाठीची पूड फार नाजूक चवीची असते. ती दुधात घालणं म्हणजे आंबेमोहोरची खिचडी करून वर लोणच्याचा खार ओतणं.

लाटेला मधल्या प्रतीची, थोडी ठसठशीत पूडच बरी. दुधातून तिचीच चव वर येते. रंग बघा. चांगली पूड कोवळ्या पोपटी-हिरव्या रंगाची असते. पिवळट किंवा खाकी दिसली तर ती जुनी तरी आहे किंवा उन्हातल्या पानांची. डबीच्या मागे घटक वाचा: तिथे नुसतं 'ग्रीन टी पावडर' असेल तर ती बहुधा माचा नव्हे, साध्या हिरव्या चहाची पूड असते. विषारी नाही, पण माचाच्या भावाने घ्यायची नाही.

भाव उतरायची वाट पाहत असाल तर फार आशा ठेवू नका. जपानमधलं तेंचाचं उत्पादन २०१० पासून २०२३ पर्यंत जवळपास तिप्पट झालं, ४,००० टनांच्या पुढे गेलं, तरी पुरेना. २०२४ च्या शरदात क्योटो आणि उजीतल्या नामांकित पेढ्यांनी एका गिऱ्हाइकाला किती डब्या द्यायच्या यावर मर्यादा घातली. चहाचं नवं झुडूप लावलं की खुडण्याजोगं व्हायला काही वर्षं जातात. मागणी मात्र मोबाइलच्या पडद्यावर एका रात्रीत वाढते.

प्रश्न : माचात ग्रीन टीच्या १३७ पट अँटिऑक्सिडंट असतात म्हणे. मग रोज जेवणानंतर घेतला तर चांगलाच ना? (सोलापूर)

उत्तर : १३७ हा आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे ते कुणी सांगत नाही. कोलोराडो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये एक मोजणी प्रसिद्ध केली. ईजीसीजी या एका कॅटेचिनाचं प्रमाण माचातून किती मिळतं, याची तुलना त्यांनी बाजारातल्या एका विशिष्ट ग्रीन टीशी केली. त्या एका चहाच्या तुलनेत १३७ पट. त्याच निबंधात पुढे आहे, की इतर ग्रीन टींच्या तोवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी तुलना केली तर किमान तिप्पट. तिप्पट हाही मोठा आकडा आहे, पण जाहिरातीत १३७ शोभून दिसतो. गंमत म्हणजे सावलीतल्या पानात कॅटेचिनं उन्हातल्या पानापेक्षा कमीच असतात. माचातून जास्त मिळतात ती अख्खं पान पोटात जातं म्हणून.

जेवणानंतर मात्र लगेच घेऊ नका. डाळी, भाजी, भाकरीतून मिळणारं लोह शरीरात शोषलं जाण्याच्या आड चहातली हीच द्रव्यं येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत चहा-कॉफी जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर टाळा असं सांगितलं आहे, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको असंही. आपल्याकडे रक्तक्षयाचं प्रमाण, विशेषतः बायकांमध्ये, किती आहे ते पाहता हा सल्ला माचालाही तंतोतंत लागू. २ ग्रॅम माचात साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे साध्या कपभर चहाइतकं किंवा त्याहून थोडं जास्त. गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच घ्या. रात्री झोप येत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी तो 'हर्बल' समजून नऊ वाजता पिऊ नये.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ चालेल का? आणि आलं-वेलची? (कोल्हापूर)

उत्तर : आलं, वेलची नको. दोन्ही मला प्रिय आहेत, पण माचाचा वास हलका असतो, त्यांच्यापुढे टिकत नाही.

गुळाचं उत्तर मात्र तुम्हाला आवडेल. गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याची भीती असते, ती इथेही आहे. पण तुमच्या गावात काकवी मिळते. जपानमध्ये ओकिनावाच्या काळ्या साखरेचा दाट पाक करतात, त्याला 'कुरोमित्सु' म्हणतात, आणि माचाच्या गोड पदार्थांवर तो हमखास ओततात. आपली काकवी त्याची सख्खी बहीण शोभते. उंच पेल्यात तळाशी दोन चमचे काकवी, त्यावर बर्फ, त्यावर गार दूध, आणि सगळ्यात वर घुसळलेला माचा सावकाश ओता. तपकिरी, पांढरा, हिरवा असे तीन थर दिसतात. फोटो काढायचा तर काढा, मग ढवळून प्या. माझ्या मते साखरेच्या लाटेपेक्षा हा कितीतरी सरस.

प्रश्न : खरे जपानी लोक माचात दूध घालतात का, की हे अमेरिकेचं खूळ? आणि नाव नेमकं काय : मॅचा, माचा की मात्चा? (पणजी)

उत्तर : उच्चार 'मात्चा'च्या जवळचा. 'चा' म्हणजे चहा, आणि आधीचं अक्षर पूड केलेल्या या अर्थाचं. गावाकडे 'च्या प्यायला या' म्हणणारा माणूस मूळ शब्दाच्या आपल्यापेक्षा जवळ आहे.

चहाची पूड करून ती पाण्यात घुसळायची रीत मूळची चीनची. तिथल्या सोंग घराण्याच्या हुइझोंग सम्राटाने त्यावर स्वतः ग्रंथ लिहिला होता. ११९१ मध्ये एइसाइ नावाचा झेन भिक्षू तिकडून चहाचं बी घेऊन जपानला परतला. पुढे चीनने पत्ती भिजवून चहा करायची रीत धरली आणि पूड मागे पडली, जपानने ती जपली. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यूने तिच्याभोवती चहापानाचा सगळा विधी घडवला. त्या विधीत दुधाला जागा नाही, साखरेलाही नाही. गोड असतं ते आधी खायच्या मिठाईत.

तुम्ही पणजीचे, म्हणून एक गोष्ट. त्याच काळात वालिन्यानो हा इटालियन जेझुइट गोव्याहून जपानला गेला. तिथल्या आपल्या मठांत पाहुण्यांसाठी चहाची खोली असावीच, असा नियम त्याने घालून दिला. चहा नीट देता आला नाही तर या देशात कुणी आपलं ऐकणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. उजीच्या मळ्यांवर आच्छादन घालतात ही नोंदही रॉड्रिग्ज या पोर्तुगीज जेझुइटाने करून ठेवली आहे. त्याने कारण दिलं ते थंडीचं, कोवळे कोंब दहिवरापासून वाचावेत म्हणून.

दुधाचं म्हणाल तर आजचे जपानी माचा दुधात घालतात, आइस्क्रीममध्ये घालतात, केकमध्ये घालतात आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेत नाहीत. हागेन-डाझ या परदेशी कंपनीने १९९६ मध्ये जपानमध्ये हिरव्या चहाचं आइस्क्रीम आणलं आणि ते तिथे कायमचं रुजलं. चहाच्या खोलीत गुडघे मोडून बसणारा माणूस बाहेर येऊन स्टेशनवर माचा लाटे घेतो.

प्रश्न : डबी उघडल्यावर किती दिवस टिकते? (पुन्हा डोंबिवली)

उत्तर : उघडल्यापासून महिनाभरात संपवा. हवा, ऊब आणि उजेड तिन्ही तिचे वैरी आहेत, आणि मुंबई-कोकणच्या हवेत ओल हा चौथा. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, पण मसाल्याच्या आणि कापलेल्या कांद्याच्या शेजारी नको, वास लगेच धरते. काढल्यावर डबी तशीच बंद ठेवून बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या, मग उघडा. थंड डबी लगेच उघडली की आत दव धरतं आणि पुडीचा गोळा होतो.

रंग पिवळा पडला तरी फेकू नका. घट्ट चक्क्यात दोन चमचे चाळून घाला, नेहमीपेक्षा किंचित कमी साखर, वेलची-केशर काही नाही. श्रीखंडाचा आंबटपणा जुन्या माचाचा कडवटपणा झाकतो. पण तुमची डबी अजून ताजी आहे. येत्या रविवारी आधण न ठेवता करून पाहा आणि कसा झाला ते कळवा.